मूल आणि नोकरी एकाच शाळेत असेल तर

आपण शिकवतो त्याच शाळेत आपलं मूल असेल, तर तुकड्यांची वाटणी होण्याआधीच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: मूल माझ्या वर्गात नको. एकच तुकडी असेल, तर निदान त्याचे पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासावेत, तोंडीही त्यांनीच घ्यावी. प्रश्नपत्रिका घरी काढू नका. मुलाला चांगले गुण पडले की 'आईनेच पेपर सांगितला' असं वर्गातली पोरं हमखास म्हणतात, आणि ते त्याला फार लागतं.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे शिक्षक खोली. मधल्या सुट्टीत डबा उघडतानाच कुणीतरी सांगतं, "तुमच्या चिरंजीवांनी आज गृहपाठ आणला नाही हं!" तिथेच मुलाला बोलावून झापू नका. "बाई, डायरीत लिहा, मी घरी बघून सही करते," एवढंच म्हणा. इतर मुलांच्या चुका घरी पोचायला संध्याकाळ होते. आपल्या लेकरालाही तेवढी सवड हवीच. पालकसभेला शक्यतो बाबांना पाठवा.

शाळेत त्याने 'आई' म्हणावं की 'बाई', हे त्यालाच ठरवू द्या.

ओळखीतल्या पालकांनी "तुमच्या मुलाबरोबर आमच्यालाही घरी शिकवा, फी देतो" म्हटलं, तर स्पष्ट नाही म्हणा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. आणि आपल्या मुलाच्या शाळेच्या फीमध्ये सवलत मिळणार असेल, तर ती संस्थेकडून लेखी घ्या. ठरावीक मर्यादेपलीकडची सवलत आयकरात पगाराचा भाग धरली जाते.