बाटली चुरगाळू नका

मी बारा वर्षांपासून जर्मनीत आहे. दर उन्हाळ्यात महिनाभर नागपूरला, धरमपेठेत आईकडे येतो. आल्याच्या दोन दिवसांत ओळखीचं कोणीतरी पोरगं दारात हजर: “काका, ऑक्टोबरपासून सेमिस्टर सुरू होतंय, काय काय नेऊ?” कुकर, मसाले, लोणचं हे सगळं त्याच्या आईने आधीच ठरवलेलं असतं. मी त्याला पाणी देतो आणि बाटली रिकामी झाली की तो काय करतो ते बघतो. तो चुरगाळतो. आपल्याकडे बाटलीवरच तसं छापलेलं असतं, कोणी परत भरून विकू नये म्हणून. तिकडे या सवयीची किंमत बाटलीमागे 25 सेंट, म्हणजे वीस-पंचवीस रुपये.

बाटली घेताना भरायचं आणि रिकामी बाटली परत दिली की परत मिळणारं हे डिपॉझिट, त्याला तिकडे ‘प्फान्ट’ म्हणतात. नवीन काही नाही. घरच्या मोठ्यांना विचारा, कोल्ड्रिंकची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार खाली बाटली तरी मागायचा, नाहीतर डिपॉझिट ठेवून घ्यायचा. जर्मनीत 2003 पासून एकदा वापरून फेकायच्या बाटल्या आणि कॅनवरही हे डिपॉझिट सक्तीचं आहे. प्लास्टिकची बाटली असो की कॅन, 25 सेंट. पुन्हा भरायच्या बाटल्यांचा दर वेगळा: बिअरच्या साध्या बाटलीला सहसा 8 सेंट, पाण्याच्या बाटलीला 15, काचेच्या बरणीतल्या बऱ्याच दह्यांनाही 15. 2024 पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्याही यात आल्या.

फळीवरच्या किमतीत हे पैसे धरलेले नसतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात बिल जास्त आलं म्हणून काउंटरवर वाद घालू नका, बिलात प्फान्टची वेगळी ओळ शोधा. पाण्याच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा घेतला तर दीड युरो नुसत्या बाटल्यांचे. स्वस्त दुकानात कधी कधी पाण्यापेक्षा बाटलीच महाग पडते.

परत करणं सोपं आहे. मोठ्या दुकानात दाराजवळ नाहीतर मागच्या बाजूला मशीन असतं. तळाची बाजू आधी, एकेक बाटली आत सरकवायची. मशीन ती गोल फिरवून लेबलवरचं चिन्ह वाचतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी निघते, तिला ‘बॉन’ म्हणतात. तो काउंटरवर दिला की बिलातून पैसे वजा होतात, काही घ्यायचं नसेल तर रोख मिळतात. काही मशीनवर दानाचंही बटण असतं. भाषा येत नसताना माझे पहिले चार युरो तिथेच गेले. दुसऱ्या वेळचा बॉन जीन्सच्या खिशात धुतला गेला. ज्या दुकानाचा बॉन, त्याच दुकानात तो वापरून टाका, त्याच दिवशी. त्या कागदावरची शाई लवकर उडते.

आणि हो, पहिला महिनाभर मी आणि माझा रूममेट (तोही आपल्याकडचाच, वर्ध्याचा) जागा वाचावी म्हणून सगळ्या बाटल्या मस्त चेपून पिशवीत भरत होतो. मशीनने एकेक करून सगळ्या परत थुंकल्या. मागे रांग लागलेली, आणि हा मला विचारतो, “काऊन बे, हे घेत काऊन नाही?” चिन्ह नीट दिसत असेल तर चेपलेली बाटलीही दुकानाने घ्यायला हवी असा नियम आहे, पण ते काउंटरवरच्या बाईंना जर्मनमध्ये समजावून सांगायला आणखी वर्षभर लागतं. लेबलही सोलू नका.

वाइनच्या बाटल्या, लोणच्या-जॅमच्या बरण्या, टेट्रापॅक यांना प्फान्ट नाही. काच रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये टाकायची, तीही रविवारी नाही, आवाज होतो म्हणून शेजारी ओरडतात. भारतीय दुकानातून आणलेल्या आमरसाच्या कॅनवर जर्मन प्फान्टचं चिन्ह नसेल तर मशीन तो घेणार नाही. फ्रान्स-हॉलंड फिरून आणलेल्या बाटल्यांचंही तेच.

आता खरं सांगू? यात कमाई काही नाही. तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळतात, आणि खोलीच्या कोपऱ्यात पडून राहिले तर मिळत नाहीत, एवढंच. किराण्यात खरी बचत हवी तर नळाचं पाणी प्या. ते पिण्यालायक असतं. आपल्याकडची फिल्टरची सवय तिथे सोडून द्या. फायदा होतो तो पार्टीनंतर. वीस जण येऊन गेले की सकाळी यजमानाच्या घरात दहा-बारा युरोंच्या बाटल्या पडलेल्या असतात आणि त्याला त्या घरातून बाहेर हव्या असतात. आमच्यात त्यावरून भांडणं झाली आहेत.

रस्त्यात कॅन रिकामा झाला आणि घरी न्यायचा कंटाळा आला, तर कचरापेटीत टाकू नका, पेटीशेजारी उभा ठेवा. तिथे बाटल्या गोळा करून महिन्याचा खर्च भागवणारे म्हातारे लोक आहेत, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून सगळेच असं करतात.

स्वयंपाकघराच्या दाराला एक मोठी पिशवी टांगून ठेवा आणि ती शनिवारी सामान आणायला जाताना न्या. रविवारी दुकानं बंद असतात.