गाडी उचलून घेण्याआधी: कॅम्बर आणि सस्पेन्शन ट्रॅव्हल घरी कसे मोजावे

ऊसतोड सुरू झाली की सोलापूर जिल्ह्यातल्या पाणंदींचं रूप पालटतं. भरलेल्या ट्रॉल्या काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडतात आणि त्या तशाच वाळून कडक होतात. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या अशा वाटेवर गाडी तिरकी झाली, एक चाक हवेत राहून नुसतं फिरायला लागलं, की लोक गाडी उंच करायला निघतात. पण तिथे कमी पडते ती चाक खाली लोंबण्याची जागा. चुकीच्या पद्धतीने उंची वाढवली तर नेमकी तीच जागा जाते. म्हणून आधी मोजा.

आधी गाडीची बांधणी बघा. जिप्सी, जिम्नी, जुनी एमएम ५४० यांना पुढेही सलग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. स्कॉर्पिओ आणि २०२० नंतरची थार यांची पुढची चाकं मात्र स्वतंत्र आर्मवर आहेत. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभा कल. माथा आत झुकला तर निगेटिव्ह, बाहेर झुकला तर पॉझिटिव्ह. सलग अ‍ॅक्सलवर दोन्ही चाकं सारखी वरखाली झाली तर कॅम्बर बदलत नाही. स्वतंत्र आर्मवर चाक जसं वरखाली होतं तसा तो बदलत राहतो. त्यामुळे अशा गाडीत कॅम्बर आणि ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वरखाली होण्याची चाल, एकत्रच तपासावे लागतात.

सामान फार लागत नाही. गवंड्याकडून ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी आणा. स्टीलची पट्टी, टेप, खडू, जॅक आणि दोन भक्कम स्टँड हवेत. गोडाऊनची फरशी मिळाली तर उत्तम. चारही चाकांखालची जमीन लेव्हल नळीने तपासा, कारण फरशीचा उतार तुमच्या मापात चढतो. टायरची हवा सकाळी गार असतानाच भरा. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचा आकडा भरवशाचा नसतो. रिमच्या आत बसलेला चिखलही खरवडून काढा. त्यानेही गाडी थरथरते आणि दोष उगाच अलाइनमेंटवर येतो.

आता कॅम्बर. स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी पुढेमागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. ओळंबा चाकाच्या मध्यावरून, टायरला न टेकता सोडा. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. त्या दोन कडांमध्ये ४०० मिमी अंतर असेल तर मापांतला ७ मिमी फरक म्हणजे साधारण १ अंश. रिमला मार लागलेला असू शकतो, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी धरा. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना, पण डाव्या-उजव्यातला फरक जास्त महत्त्वाचा आहे. तो अर्ध्या अंशाच्या पुढे गेला तर गाडी जास्त पॉझिटिव्ह बाजूला ओढू लागते.

ट्रॅव्हल मोजताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर लिहून ठेवा. मागच्या चाकांना दगड लावा, चेसिस जॅकवर उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्या आणि पुढची चाकं पूर्ण लोंबू द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पुन्हा तेच अंतर मोजा. जेवढं वाढलं तेवढी खालची चाल. याच अवस्थेत ब्रेकचा होज ताणला जातोय का ते बघा. ओळंबा लावून कॅम्बरही परत घ्या, म्हणजे चाकाचा कल किती बदलतो ते कळेल. चाक वरून-खालून धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: हालचाल थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा सांधा. आधी ते बदला, नाहीतर कॅम्बरचं माप फुकट.

टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आवळून उंची घेणाऱ्यांनी हा हिशेब नीट बघावा. समजा खाली ८० आणि वर १०० मिमी चाल आहे. ५० मिमी उचललं की खाली ३० उरतात, वर १५० होतात. एकूण चाल तेवढीच राहिली, पण चाकोरीत चाक आधीपेक्षा लवकर सुटणार. आर्म तिरके होऊन कॅम्बर बिघडतो, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचा कोनही वाढतो. लांब स्प्रिंग टाकलं आणि शॉकअप जुनाच ठेवला तर तो पूर्ण लांबला की चाक तिथेच अडतं.

काम करून घेतल्यावर सगळी मापं पुन्हा घ्या. अलाइनमेंट करताना आधी कॅम्बर लावून घ्या आणि टो (वरून पाहताना चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते) शेवटी. कॅम्बर हलवला की टोही हलतो.