परतीच्या पावसात कांदा पिवळा पडला तर आधी चर उघडा, युरिया मागाहून

मंडळी, रांगड्याची, म्हणजे उशिरा खरिपातल्या कांद्याची, लागण उरकत आलीय आणि परतीचा पाऊस काही पाठ सोडत नाहीये, आमच्या निफाडकडं तर दुपार कलली की आभाळ भरून येतंच, म्हणून कळकळीनं सांगतो. पात पिवळी दिसली की आपला हात सरळ युरियाच्या गोणीकडं जातो, ते आधी थांबवा. वाफ्यात पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, शेजारी खत पडलेलं असून ती उचलत नाहीत, त्यामुळं पात पिवळी पडते. अशात टाकलेला युरिया चरातून ओढ्याला जातो नाहीतर झिरपून विहिरीत उतरतो.

मी हे करून बसलोय. दोन वर्षांमागं घाईघाईत गोणी फेकली, रात्री धो धो पाऊस झाला, आठवड्याभरात चर जिथं ओढ्याला मिळतो तिथं हिरवंगार शेवाळ आणि कांदा होता तसाच पिवळा. रोप उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटानं ओढली की साल सुटून हातात. चांगलं मूळ पांढरं असतं. तुम्हीपण खत टाकायच्या आधी पाच-सहा ठिकाणी रोपं उपटून बघाच.

मूळ तपकिरी दिसलं तर पहिलं काम चर मोकळे करायचं, वाफसा (जमीन ओलसर पण चिखल नाही, अशी स्थिती) येऊ द्यायचा, मग मेघदूत या हवामानाच्या ॲपवर पुढचे दोन-तीन दिवस कोरडे दिसले तरच खताचा हप्ता. पुढच्या वेळी सपाट वाफ्याऐवजी गादीवाफा करा, 15 सेंमी उंच आणि 120 सेंमी रुंद, पाणी सरीत उतरतं आणि मुळं वर कोरडी राहतात.

आता हिशोब. कांद्याला शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे एकरी 40. लागणीला डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची 50 किलोची एक गोणी टाकली असंल तर त्यातच 9 किलो नत्र गेलं, हे आपण धरतच नाही. उरलं 31, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या गोण्या साधारण दीड. एकूण 40 मधलं निम्मं नत्र लागणीला, डीएपीतलं धरून, बाकीचं दोन हप्त्यात, 30 आणि 45 दिवसांनी. साठ दिवसांनंतर नत्र दिलं की मान जाड होते, माल साठवणीच्या चाळीत टिकत नाही, ते तर कोणी करूच नका.

चर थेट ओढ्याला सोडू नका भाऊ. तोंडाशी एक खड्डा घ्या आणि पुढं दोन-चार हात गवत राहू द्या. स्फुरद (फॉस्फरस) गाळाला चिकटून जातं, गाळ खड्ड्यात बसला की उन्हाळ्यात उचलून परत रानात टाकता येतो. युरियातल्या नत्राचं होणारं नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं असतं, खड्ड्यानं अडत नाही, ते वेळेवर आणि मोजून टाकूनच कमी होतं. गोदावरी-कादवाचं पाणी पुढं नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात जातं, तिथल्या जलपर्णीला शहराचं सांडपाणी खतपाणी घालतं हे खरंय, पण आपल्या रानातलंही त्यात आहेच.

आणि प्यायला विहीर वापरत असाल तर पाऊस उघडल्यावर पाणी तपासून घ्या. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नका, उकळूनसुद्धा नाही, उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं.