चौकोनी लहरींवर मराठी रॅप : जुन्या व्हिडिओ गेमच्या संगीतातून हिप-हॉप अल्बम कसा करावा

नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ज्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्या घरांतल्या मुलांच्या कानांत काही सुरावटी आजही पक्क्या बसलेल्या आहेत. आपण ज्यांना ‘कॅसेट’ म्हणत असू, त्या बहुतेक जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकलांवर चालत असत. त्या यंत्राच्या ध्वनिचिपमध्ये अवघे पाच चॅनल होते : दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक अगदी छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. खेळाडूने उडी मारली किंवा नाणे घेतले की तो आवाज काढण्यासाठी एखादा चौकोनी चॅनल उसना घेतला जाई, त्या क्षणापुरता तिथला सूर गप्प होई आणि ऐकणाऱ्याला त्याचे काही वाटत नसे. हिप-हॉपसाठी या संगीताकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. शब्द आला की सुराने बाजूला व्हावे, या एका नियमावर संपूर्ण अल्बम उभा राहू शकतो.

सुरुवात साधनांपासून करावी. फॅमिट्रॅकर, फॅमिस्टुडिओ आणि फर्नेस ही अशा चिपचे संगीत रचण्याची तिन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. याशिवाय ध्वनिमुद्रणासाठी एखादे सॉफ्टवेअर, एक माइक आणि बंद पद्धतीचे हेडफोन एवढे पुरे होते. आरंभी स्वतःवर पाच चॅनलचे बंधन घालून घ्यावे, कारण शंभर आवाज हाताशी असले की नवखा माणूस शंभरही वापरतो आणि मग रॅपला उभे राहायला जागा उरत नाही.

दुसरे काम लयीचे आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. ही यंत्रे जपानी आणि अमेरिकी पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे), म्हणजे मिनिटाला ३६०० फ्रेम या वेगाने चालत. ट्रॅकरमध्ये, म्हणजे अशा रचना-सॉफ्टवेअरमध्ये, संगीत ओळींनी लिहिले जाते आणि एका ठोक्याला साधारणपणे चार ओळी धरतात. प्रत्येक ओळ ६ फ्रेमची असेल तर एक ठोका २४ फ्रेमचा होतो आणि लय मिनिटाला १५० ठोक्यांची पडते. ती खेळातल्या धावपळीला शोभते, रॅपला मात्र धावायला लावते. ओळ १० फ्रेमची केली की ठोका ४० फ्रेमचा आणि लय बरोबर ९० ठोक्यांची होते, जी हिप-हॉपला मानवते. एवढे करूनही ताल यंत्रासारखा ताठ वाटतो, म्हणून एक ओळ ११ फ्रेमची आणि पुढची ९ फ्रेमची ठेवावी. लय ९० वरच राहते, पण तालात झोल येतो आणि मान आपोआप हलू लागते.

आता सूर. या चिपवर तीन स्वर एकत्र वाजवायचे तर तीन चॅनल खर्ची पडतात, म्हणून जुने संगीतकार सा, कोमल ग आणि प हे स्वर एकाच चॅनलवर दर फ्रेमला बदलत इतक्या वेगाने फिरवत की कानाला तो एकच थरथरता स्वरमेळ वाटे. ऐरोली-घणसोलीच्या गावठाणांत हळदीच्या रात्री बेंजो पार्टी, म्हणजे बेंजो वाजवणारे वाद्यपथक, ऐकलेल्या माणसाला हा थरथराट परका वाटणार नाही. बेंजोवर एकच तार भराभर छेडून सूर लांबवतात, त्याचा टोकदारपणा चौकोनी लहरीच्या फार जवळचा आहे, आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या भागात बसून हा अल्बम करणाऱ्याने ती फिरत आपल्या धूनमध्ये जरूर आणावी. धून मात्र स्वतः रचावी. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लोकप्रिय गेमची धून उचलून वर रॅप केले आणि खाली श्रेय दिले, तरी परवानगीची गरज संपत नाही. चिपचा आवाज कोणाच्या मालकीचा नाही, धून असते, एवढा फरक लक्षात ठेवला की पुरे.

बेससाठी त्रिकोणी लहर वापरावी. तिचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, ती एकतर चालू असते किंवा बंद, त्यामुळे बेसचे स्वर तोडून तोडून लिहावे लागतात आणि त्यातूनच त्याला उसळी मिळते. त्याच चॅनलवर स्वर क्षणात वरून खाली घसरवला आणि सोबत खरखरीचा एक छोटा फटका दिला की चांगला किक ड्रम तयार होतो. पाचव्या चॅनलवर सर्वांत वरच्या दर्जाचा तुकडा एका सेकंदाहूनही किंचित लहान बसतो. एखाद्या ओळखीच्या वादकाकडून हलगीची एक थाप मुद्रित करून तिथे घालावी. चिपमधून जाताना तिच्यावर जो खरबरीतपणा चढतो, तो विकतच्या कोणत्याही ड्रमसंचात सापडत नाही.

शब्द लिहिताना आपल्या छंदशास्त्राचा फार उपयोग होतो. पादाकुलक या वृत्ताच्या चरणात आठ-आठ अशा १६ मात्रा असतात, आणि चार ठोक्यांच्या एका आवर्तनात ट्रॅकरच्या ओळीही १६ च येतात. म्हणून कडवे आधी पादाकुलकात लिहून, ट्रॅकरच्या दर ओळीला एक मात्रा ठेवून म्हणून पाहावे. ते बसले की मग मुद्दाम कुठे दोन मात्रा रिकाम्या सोडाव्यात, कुठे जोडाक्षर ठोक्यावर आणावे. यमक शेवटच्या अक्षरापुरते न ठेवता आधीच्या अक्षरापर्यंत मागे न्यावे, कारण बोली मराठीत शेवटचा अ गळतो आणि यमक अर्धेच ऐकू येते.

मुद्रणासाठी रात्री उशिराची वेळ निवडावी, पंखा बंद करावा आणि माइकच्या मागे व बाजूंना गोधड्या टांगाव्यात. भ, घ, ध, फ या वर्णांबरोबर हवेचा झोत येतो, म्हणून माइकपुढे जाळी लावून तोंड किंचित तिरके धरावे. स, श, च या वर्णांची सळसळ खरखरीच्या चॅनलवरील हाय-हॅटशी, म्हणजे ड्रमसंचातल्या झांजेच्या आवाजाशी, भांडते. तिथे आवाजाला काट मारण्याऐवजी हाय-हॅटच काढून टाकावा.

मिश्रणात, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, शब्द आला की सुराने बाजूला व्हावे हा पहिला नियम पुन्हा आठवावा. चौकोनी लहरीच्या वरच्या कंपनांची गर्दी साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये होते आणि बोललेला शब्द कळतो तोही त्याच पट्ट्यात. कडवे सुरू झाले की मुख्य धून थांबवावी, उरलेल्या चौकोनी चॅनलची ड्युटी सायकल (प्रत्येक आवर्तनात लहर वर राहते तो हिस्सा) १२.५ टक्क्यांवर आणून त्याचा आवाज बारीक करावा, आणि रॅपच्या दोन ओळींमधल्या श्वासापुरती धून परत आणावी. पूर्ण धून ध्रुपदातच ऐकू यावी.

अल्बमची रचना करताना खेळातल्या लेव्हलसारखा क्रम लावता येतो. ठाण्याहून वाशीला जाताना ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी अशी नऊ स्थानके लागतात; तीन-तीन मिनिटांची नऊ गाणी केली तर अल्बम त्या अर्ध्या तासाच्या प्रवासाएवढा होतो. रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यासाठी खरखर आणि हलगी वाढवावी, वाशीला सूर मोकळा सोडावा.

अंतिम फाइल २४ बिट वेव्ह स्वरूपात काढावी आणि तिची कमाल पातळी शून्याखाली एक डेसिबल ठेवावी. मग तीच फाइल मोबाइलवर घेऊन ठाण्याहून वाशीची लोकल पकडावी आणि साध्या इअरफोनवर सलग ऐकावी. जिथे गाडीच्या आवाजात शब्द हरवतो तिथले मिनिट आणि सेकंद लिहून ठेवावेत. घरी आल्यावर त्या जागी रॅपचा आवाज वाढवण्याआधी एक चौकोनी चॅनल बंद करून पाहावा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरे काही करावे लागत नाही.