फराळाच्या ताटातली प्रश्नमंजूषा: ती कशी बांधावी, कशी घ्यावी

भोंडल्यात गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट? ओलं की कोरडं? तळलेलं की उकडलेलं? ज्या घरची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही, त्या घरचा मान मोठा. खाण्यावरून आणि गाण्यावरून कोडी घालायची ही आपली जुनीच रीत आहे, आणि मी गेली आठ वर्षं आमच्या इमारतीच्या दिवाळी फराळाला जी प्रश्नमंजूषा घेते, ती या खिरापतीवरूनच बेतलेली आहे. कशी बांधायची ते अनेकजणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची चिपळूणची. छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि आता डोंबिवलीत राहते. भाऊबीजेनंतरच्या रविवारी संध्याकाळी आम्ही चाळीसेक माणसं गच्चीवर जमतो. पहिल्या वर्षी मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून प्रश्न काढले होते. कॉफी सर्वांत जास्त कुठे पिकते वगैरे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन मुलांनी सगळी उत्तरं दिली आणि बाकीची मंडळी चिवडा खात गप्प बसून राहिली. त्या रात्रीच ठरवलं, की ज्याचं उत्तर त्या गच्चीवरच हजर आहे, तोच प्रश्न विचारायचा. ते उत्तर ताटात असेल, कपात असेल, नाहीतर सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यात असेल. ज्याला उत्तर आलं नाही, त्याला ते डोळ्यांनी बघता आलं पाहिजे.

सुरुवात चहापासून करावी, कारण माणसं येतात तेव्हा आधी कपच हातात जातो. पहिला प्रश्न असा: हिरव्या चहाचं झाड वेगळं आणि आपल्या काळ्या चहाचं वेगळं का? बहुतेक सगळे ‘हो’ म्हणतात. झाड एकच असतं, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पानं खुडल्यावर. हिरव्या चहाची पानं लगेच तापवतात, म्हणजे त्यांचा रंग टिकतो. काळ्या चहाची पानं सुकवून, चुरगाळून हवेत ठेवतात आणि ती काळवंडतात. नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून मी कार्यक्रम सुरू होताना एक सफरचंद कापून ताटलीत ठेवते. पहिली फेरी संपेपर्यंत त्याच्या फोडी तपकिरी झालेल्या असतात. फोडीत आणि चहाच्या पानात घडतं ते एकाच जातीचं काम आहे. ताटली सगळ्यांमधून फिरवायची.

याच फेरीतला माझा सर्वांत आवडता प्रश्न: गवती चहा घातलेल्या या कपात गवतं किती? ‘एक’ असं उत्तर पटकन येतं. जरा थांबायचं. मग एखादी आजी म्हणते, “साखर उसाची ना? मग ऊसही गवतच की!” बरोबर, दोन. ऊस, ज्वारी, गहू, भात आणि गवती चहा ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि गवती चहाच्या पातीत खऱ्या चहाचा अंशही नसतो. शक्य असेल तर पात, ज्वारीचं ताट आणि उसाचं कांडं शेजारी शेजारी ठेवावं. पेरं आणि पानांच्या समांतर शिरा बघितल्या की लहान मुलंही नातं ओळखतात.

आपल्या रोजच्या चहाची पूड दाणेदार का असते, हाही प्रश्न चांगला चालतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आसाममध्ये दातेरी रुळांचं यंत्र आलं. त्यात पान चिरडलं, फाडलं आणि वळवलं जातं, म्हणून ‘क्रश, टिअर, कर्ल’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला सीटीसी म्हणतात. हा दाणा लगेच कडक रंग सोडतो, म्हणून दुधाला पेलतो. एका काचेच्या पेल्यात दार्जिलिंगचा पानाचा चहा आणि दुसऱ्यात आपली पूड घेऊन वर गरम पाणी ओतायचं. एकीकडे पान उलगडतं, दुसरीकडे दाणा फक्त फुगतो.

कॉफीवर एकच प्रश्न ठेवते, आणि तो कसा विचारायचा हे महत्त्वाचं आहे. बाबा बुदन यांनी मक्केच्या यात्रेहून येताना कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. डोंगराला त्यांचं नाव आहे, तो आजही बघता येतो. पण बियांचा आकडा कथेतला आहे. म्हणून प्रश्न ‘कथेप्रमाणे किती बिया?’ असाच विचारायचा. ‘कथेप्रमाणे’ हा शब्द गाळला, तर आपण मुलांना खोटा इतिहास शिकवतो.

गोटी सोड्याची बाटली मिळाली तर जरूर आणावी. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली. विचारायचं, की गोटीला वर धरून कोण ठेवतं? आतला वायूच तिला तोंडाशी असलेल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, म्हणून ती बाटली उलटी धरून भरावी लागते. उत्तर सांगायचं आणि लगेच गोटी दाबून फोडायची. त्या आवाजाने गच्चीवरचं पेंगणारं माणूसही ताठ बसतं.

गाण्यांच्या फेरीत ध्वनिफिती लावू नयेत. सगळ्यांच्या तोंडी असलेली आरती घ्यावी आणि शब्द विचारावेत. ‘लंबोदर पीतांबर’ नंतर काय? निम्मी गच्ची ‘फळीवर वंदना’ म्हणते. खरा शब्द ‘फणिवरबंधना’. फणिवर म्हणजे मोठा नाग, तो पोटाला बांधलेला. मी तेव्हा गणपतीची तसबीर पुढे करते आणि पोटावरचा नाग शोधायला सांगते. तसंच ‘संकष्टी पावावे’ नव्हे, ‘संकटी पावावे’. चतुर्थी मनात असते म्हणून जीभ तिकडे वळते. चुकीचं म्हणणाऱ्याला कुणी हसू नये, हे आधीच सांगून ठेवावं. लहानपणापासून कानावर पडलेलं माणूस म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही.

यानंतर सहीचा खेळ. जुने कवी शेवटी आपलं नाव गुंफून ठेवत. ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ म्हणजे समर्थ रामदास. ‘एका जनार्दनी’ म्हणजे एकनाथ. ‘भावे ओवाळीन म्हणे नामा’ म्हणजे नामदेव. आता गटांना सांगायचं, ‘घालीन लोटांगण’ मनातल्या मनात म्हणा आणि भाषा कुठे बदलते ते शोधा. चाळीस माणसं ओठ हलवत बसलेली असतात, ते दृश्य मला फार प्रिय आहे. ‘म्हणे नामा’ पर्यंत मराठी, आणि पुढच्याच ‘त्वमेव माता’ पासून संस्कृत. ‘कायेन वाचा’ हा श्लोक भागवताच्या अकराव्या स्कंधातला, ‘अच्युतं केशवं’ शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातलं, आणि शेवटचं ‘हरे राम’ कलिसंतरण उपनिषदातलं. टाळ्यांच्या एकाच ठेक्यावर आपण हे सगळं म्हणून टाकतो आणि सांधा कुठे आहे हे जाणवतही नाही. या एका प्रश्नाला दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्यावीत.

मुलांसाठी भोंडल्यातलं वेड्याचं गाणं. वेड्याच्या बायकोने लाडू केले, त्याने काय समजून खेळायला घेतले? चेंडू. करंज्या केल्या, त्या काय समजून पाण्यात सोडल्या? होड्या. पुढची कडवी घरोघरी वेगळी असतात, म्हणून तिथे गुण ठेवू नयेत, नुसती म्हणून घ्यावीत. शाळेत शिकलेलं ‘जिंगल बेल्स’ही मुलांना येतं. त्यांना विचारते, नाताळचं नाव या गाण्यात किती वेळा येतं? मुलं सगळं गाणं गातात, बोटं मोजायला तयार ठेवतात आणि एकही बोट दुमडलं जात नाही. अमेरिकेतल्या जेम्स पिअरपॉन्ट यांचं हे गाणं १८५७ साली छापलं गेलं, तेव्हा त्याचं नाव ‘वन हॉर्स ओपन स्ले’ होतं, म्हणजे एका घोड्याची उघडी घसरगाडी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं मूळचं गोव्याचं कुटुंब नाताळला नेवऱ्या पाठवतं. गोव्यात हिंदू घरी त्या चतुर्थीला होतात, ख्रिस्ती घरी नाताळला. आपल्या करंजीचंच ते रूप. वेड्याने त्याही पाण्यात सोडल्या असत्या, असं एक मुलगा म्हणाला होता.

खाण्याच्या फेरीला ताट पुढ्यात हवं. प्रत्येक गटाला वाटीभर चिवडा द्यायचा आणि दोन ढीग करायला सांगायचे. पोर्तुगीज या किनाऱ्याला लागण्याआधी जे आपल्याकडे होतं ते एका बाजूला, आणि नव्हतं ते दुसऱ्या बाजूला. पोहे, डाळं, खोबरं, कढीपत्ता, हळद पहिल्या ढिगात. शेंगदाणे, मिरची आणि काजू दुसऱ्यात, कारण ही तिन्ही झाडं अमेरिका खंडातली. काजू हे नावही पोर्तुगीजांबरोबर आलं. मिरचीवर नेहमी वाद होतो, तिच्याशिवाय आपलं जेवण कसं असेल हेच कुणाला सुचत नाही. तेव्हा काळी मिरी पुढे ठेवायची. तिखटपणाचं काम आधी मिरी, पिंपळी आणि आलं करत होतं.

हे रंगलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: एकादशीच्या ताटातलं किती अमेरिकेचं? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो तिकडचा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची तिकडची. राजगिराही तिकडचाच. उरते वरी आणि वरचं तूप. एका वर्षी ऐंशीच्या घरातल्या एक काकू हे ऐकून खिन्न झाल्या. “म्हणजे आमचे उपास खोटे का गं?” म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. सांगितलं, की हे पदार्थ आले तेव्हा कुणीतरी बाई चुलीपुढे बसून ठरवत होती, की यात धान्य नाही, म्हणजे उपासाला चालेल. इतका विचार तिने केला. काकूंना ते पटलं. तेव्हापासून हा प्रश्न मी याच गोष्टीसह विचारते.

आजींच्या वाट्याचे प्रश्न वेगळे काढावेत. ‘अनारसा हसला’ म्हणजे काय? तुपात सोडल्यावर विरघळून पसरला. शंकरपाळ्याच्या नावात कोणती साखर लपली आहे? फारसीतली ‘शकर’. गट करतानाच प्रत्येकात एक साठीपुढचं आणि एक बारा वर्षांच्या आतलं माणूस घ्यावं. एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय पुरं होत नाही.

काय विचारू नये, तेही सांगते. सर्वांत पहिला, सर्वांत मोठा, आणि अमुक पदार्थ कोणत्या गावचा, हे तीन प्रकार टाळावेत. एकदा मी मिसळ खरी कुठली हे विचारलं, आणि कोल्हापूर, नाशिक, पुणे अशा तीन फळ्या पडून अर्धा तास गेला. प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी पडताळावं, आणि तरीही चूक निघाली तर तिथेच मान्य करून समोरच्याला गुण द्यावेत. पंधरा प्रश्न, पाऊण तास, इतकं पुरे.

शेवटचा प्रश्न नेहमी खिरापतीचा. झाकलेला डबा फिरवायचा. हलवून बघायला, कानाला लावायला परवानगी, झाकण उघडायला नाही. मागच्या वर्षी मी पानात गुंडाळून उकडलेल्या पातोळ्या केल्या होत्या. सगळे लाडू, बर्फी, वड्या म्हणत राहिले. सात वर्षांच्या एका मुलीने डबा हलवला आणि म्हणाली, “वाजत नाही, म्हणजे ओलं आहे.” मग झाकणाच्या फटीला नाक लावून बराच वेळ थांबली, आणि उठून माझ्या बाल्कनीतल्या हळदीच्या कुंडीकडे खाली बोट दाखवलं.