सायकलच्या फ्रेमला आतून लागणारा गंज: जवसाच्या तेलाचा उपाय

वेंगुर्ले-मालवण पट्ट्यात फ्रेम सडते ती बहुधा आतून. सीटच्या नळीच्या फटीतून, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूतून पाणी शिरतं आणि बॉटम ब्रॅकेटच्या डब्यात (पेडलचा आस फिरतो तिथे) साचतं. खारी हवा ओल धरून ठेवते. बाहेरचा रंग शाबूत असताना आत पत्रा पातळ होत जातो.

आतून तेल लावायचं काम एप्रिल-मेच्या कडक उन्हात करावं. सीट पिलर (सीटची दांडी), चिमटा (पुढचा फोर्क), बॉटम ब्रॅकेट सगळं काढायचं (बहुतेक सायकलींत चेनच्या बाजूचा बेअरिंगचा कप उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी बघा). नळ्या गोड्या पाण्याने धुवायच्या, कारण मीठ आत राहिलं तर वरचा तेलाचा थर फुकट. मग दिवसभर उन्हात.

रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' जवस तेल मिळतं, तेच घ्या. कच्चं वाळता वाळत नाही. भोकांना टेप लावून साधारण ६० मिली ओता आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा. मागच्या बारीक नळ्यांत तेल सिरिंजने हवेच्या भोकातून सोडावं, नाहीतर त्या कोरड्याच राहतात. टेप काढून, बॉटम ब्रॅकेटचा डबा खालच्या बाजूला ठेवून रात्रभर निथळू द्या. आटे लगेच टर्पेंटाइनने पुसा. तेल चिकट झालं की कप बसत नाही. पुढे तीन-चार दिवस वाळवण. जळकं इंजिन ऑइल काहीजण ओततात, पण ते वाळत नाही, खाली गळून जातं.

तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा.

जोडताना सीट पिलरला ग्रीस, आणि डब्याखालचं निचऱ्याचं भोक उघडं.