बुरेकची पारी फाटतेय? या चुका टाळा

बुरेक म्हणजे अगदी पातळ पारीत सारण भरून, वळकटी करून भाजलेला बाल्कन देशांतला पदार्थ. पहिली चूक नावातच होते. ‘पालकाचा बुरेक’ असं बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत म्हणालात तर कुणीतरी नक्की दुरुस्ती करेल. बोस्नियात बुरेक म्हणजे फक्त मांसाचा. चीजची ती सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. आणि या सगळ्या प्रकारांना मिळून म्हणतात पिता. सर्बियात मात्र चीजचा बुरेकही खुशाल मिळतो.

पारी फाटते ती बहुतेकदा घाईमुळे. अर्धा किलो मैदा, चमचाभर मीठ, थोडं तेल आणि साधारण 300 मिली कोमट पाणी, एवढंच तर साहित्य. पीठ घट्ट भिजवलं की ताणताना आखडतं. पुरणपोळीच्या कणकेसारखं सैलसर आणि भरपूर तिंबलेलं हवं. मग गोळ्यांना सढळ हाताने तेल चोपडून तासभर झाकून ठेवा. मळताना ताठ झालेलं ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) तेवढ्या वेळात सैल पडतं. बोटाने दाबल्यावर गोळा लगेच उसळून वर आला, तर आणखी वीस मिनिटं थांबा.

लाटण्याचं काम सुरुवातीपुरतंच. नंतर टेबलावर सुती चादर पसरायची आणि मुठींच्या पाठीवर पारी घेऊन मधून कडेकडे ओढत न्यायची, खालच्या चादरीची नक्षी दिसेपर्यंत. खानदेशात मांडे हातावर मोठे होताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अंगठ्या काढा. आणि पंखा बंद करा. पारी वाळली की तडकलीच. एखादं भोक पडलं तर ठिगळ लावत बसू नका, वळकटीत ते दिसत नाही. जाड कड मात्र कापून टाका, भाजल्यावर चिवट लागते.

खिमा आधी परतून घेऊ नका. कच्चाच भरतात, बारीक चिरलेला कांदा, मीठ, मिरी घालून. मीठ भरायच्या वेळीच घाला, नाहीतर पाणी सुटून तळ ओला राहतो. गरम मसाला घातलात तर खिमा पॅटिस छान होईल, बुरेक नाही.

बोस्नियात पारंपरिक पद्धत म्हणजे निखारे ठेवलेल्या ‘साच’ नावाच्या झाकणाखाली भाजणं. आपल्या ओटीजीत 220 अंशांवर, खालच्या कप्प्यात, 35 ते 40 मिनिटं. आतला खिमा पूर्ण शिजलाय ना, ते मधला तुकडा कापून बघा. वरून फार कडक झाला असेल तर लोणी घातलेलं गरम पाणी शिंपडून दहा मिनिटं फडक्याखाली ठेवा. सोबत गार, पातळ दही.